जिभाऊंचं गुप्तधन

"तुला म्हणून सांगते माय, पण कोणाजवळ बोलू नको."

आक्कांनी अशी सुरुवात केली की पुढची बातमी धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला आदल्या दिवशीच कळलेली असते. तरी मी भिंतीला टेकलेच. पलीकडे खाटेवर ओलं धोतर अंथरून बिबडे थापणं चाललं होतं. उन्हं चढायच्या आत पातेलं संपवायचं होतं, त्यामुळे हातही थांबत नव्हता आणि तोंडही.

"लोक म्हणतात, तुझ्या जिभाऊंना हंडा सापडला."

"हंडा? पाण्याचा?"

"मोहरांचा! लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी. अंधारात घर सोडतात, हातात कुदळ, खांद्यावर गोणी. येताना गोणी जड. वर कोणाशी बोलणं नाही. मग लोकांनी काय समजायचं?"

"आणि खरंच असतं काय गोणीत?"

आक्कांनी कोपऱ्याकडे मान उडवली. जुन्या रांजणाच्या आडोशाला बाटल्यांची रांग लागली होती. हिरव्या, निळ्या, तपकिरी. काही अर्ध्या, काहींचं नुसतंच बूड. शेजारी तेलाच्या रिकाम्या डब्यात दगड, वर एक सुगरणीचा पडलेला खोपा.

"हाई मन्हं घर शे का भंगारनं दुकान?" रागावल्या की आक्का सरळ अहिराणीत उतरतात. "लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर प्लॉट घेतात, नाहीतर काशीला जातात. आमच्या ह्यांनी उकिरडे धरले."

जिभाऊ तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आयुष्य सात-बारा, फेरफार आणि पंचनाम्यांत गेलं. बोलणं मोजकं, अक्षर मोत्यासारखं. पांझरेचा पूर ओसरला की हा माणूस काठाकाठानं चालायला निघतो. जुना वाडा पाडायला घेतला की मुकादमाला चहा पाजून ढिगाऱ्याशी उभा राहतो. कोणी विहीर खोल करत असेल तर मातीच्या ढिगाभोवती प्रदक्षिणा. आणि ती कुदळ म्हणजे कुदळ नव्हेच. पुढं लोखंडी टोक बसवलेली काठी आहे. गवतात पाय टाकण्याआधी ती आपटायची. घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्याकडे आहेत, आणि दगड उलटताना हात आधी घालायचा नसतो, एवढं त्यांना कळतं. पण गल्लीनं काठीची कुदळ केली आणि कुदळीला हंडा चिकटला.

"पण आक्का, बाटल्या रोजच थोड्या मिळत असतील?"

"कशाच्या मिळतात! महिना महिना हात हलवत येतात. पण जातात!"

हे मात्र खरं आहे, आणि त्याला कारणही आहे. विलायतेत जुन्या बाटल्या शोधणारे लोक गावाबाहेरचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कचऱ्याचे खड्डे हुडकतात. तिथं बाटल्यांचे थरच्या थर निघतात. आपल्याकडे तसं कसं निघणार? बाटली फेकायची कोणाची छाती होती? औषध संपलं की त्यात रॉकेल, रॉकेल संपलं की फिनेल, गळा फुटला की बूड वातीला. अगदीच नको झाली तर बाटलीवाल्याला. तो धंदा एवढा पक्का की मुंबईच्या पारशांत बाटलीवाला हे आडनावच झालं. म्हणून धड बाटली सापडते ती जिथं साहेब राहत होता तिथं. डाकबंगल्याच्या मागं, रेल्वेच्या जुन्या बंगल्यांच्या परसात. 1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला मुख्य ठाणं केलं. पुढं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं भुसावळचं रूप पालटलं आणि 1900 मध्ये चाळीसगावहून धुळ्यापर्यंत फाटा आला. रूळ आले तशी सोड्याची बाटली आली. क्वचित एखादी शेतातही निघते. घरामागच्या उकिरड्याचं खत गाडीनं शेतात जायचं, त्याबरोबर फुटकी काच जायची, आणि मग पुढच्या पिढीच्या नांगराला लागायची.

"एवढं मला माहीत नाही," आक्का म्हणाल्या, "पण ती एक मधोमध चिमटा काढल्यासारखी बाटली आणली ना, तिच्यापायी तर दोन दिवस जेवले नाहीत. एवढा आनंद! आमचा मुलगा पहिला आला तेव्हासुद्धा जेवले होते."

ती म्हणजे गोटी सोड्याची बाटली. आपण जत्रेत पितो तीच, पण जाड हिरव्या काचेची आणि वर इंग्रजीत मुंबईचं नाव उठवलेली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं 1870 च्या सुमारास ही युक्ती काढली. बाटली उलटी धरून भरायची. आतल्या वायूचा दाब गोटीला गळ्यातल्या रबरी कडीवर दाबून धरतो आणि बूच आपोआप लागतं. पिताना गोटी पुन्हा तोंडाशी घरंगळू नये म्हणून गळ्याखाली ते चिमटे. साहेबाच्या देशातून ही बाटली कधीच गेली, आपल्याकडे मात्र लिंबू आणि काळं मीठ घालून टिकली. जपानी लोकही अजून तिच्यातून गोड पेय पितात. आणि जुनी धड सापडत नाही ती पोरांमुळे. आतल्या गोटीसाठी बाटली दगडावर फोडायची, हा जगभरच्या पोरांचा उद्योग होता.

"आमचे भाऊ करायचे," आक्का पटकन म्हणाल्या. "दुकानदार घरापर्यंत यायचा मागं."

"मग ती किती जुनी, हे जिभाऊंना कळतं कसं?"

"कोणजाणे! शिवण बघतात म्हणे. बाटलीला कसली शिवण? मी म्हटलं, माझ्या पोलक्याची शिवण उसवली ती बघा आधी."

शिवण असते. साच्यात फुगवलेल्या बाटलीच्या दोन्ही अंगांना बारीक उभी रेघ येते. ती खांद्यापाशी किंवा गळ्याशी थांबली, तर तोंड नंतर हातानं घडवलेलं. थेट ओठावरून गेली, तर बाटली यंत्राची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं बाटल्या करणारं यंत्र 1903 च्या सुमारास आलं, त्यामुळे तिकडचे लोक ही रेघ बघून वय सांगतात. आपल्याकडे ही खूण जपून वापरावी. आपल्या काचकारखान्यांत फुंकनळी पुढं कितीतरी वर्षं चालली, तेव्हा थांबलेली रेघ दिसली म्हणून बाटली राणीच्या काळातली ठरत नाही. जिभाऊ हे मान्य करतात; बाजारात बाटल्या विकणारे करत नाहीत. काचेत अडकलेले बुडबुडे, तिरका बसलेला गळा, मातीत राहून आलेली मोरपिशी झिलई, असं सगळं मिळून अंदाज बांधायचा. एका पांढऱ्या बाटलीला तर जांभळट छटा आली आहे. पूर्वी काच स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत. ती वर्षानुवर्षं उन्हात पडली की जांभळी होते.

"उन्हात काचसुद्धा रंग बदलते?" आक्कांनी पदरानं कपाळ टिपलं. "मग आपलं काय नवल!"

मग निळ्या बाटलीची गोष्ट निघाली. ती निघणारच होती, कारण ती आक्कांच्या दृष्टीनं त्यांच्यावरचा अन्याय आहे. षटकोनी, गडद निळी, अंगावर उभ्या उभ्या कडा. आक्कांना आवडली. स्वच्छ धुतली, उन्हात वाळवली आणि तिळाचं तेल भरून देवघरात ठेवली. जिभाऊंनी संध्याकाळी पाहिलं आणि या घरात प्रथमच ओरडले.

"विषाची बाटली होती म्हणे! आता मला काय स्वप्न पडलंय?"

त्या कडा त्यासाठीच असत. विजेचे दिवे नव्हते. रात्री कंदिलाच्या उजेडात खोकल्याचं औषध समजून कोणी भलतंच घेऊ नये, हाताला लागताच कळावं, म्हणून विषारी औषधांच्या बाटल्या रंगीत आणि खरखरीत करायचे. तेल अर्थातच ओतून दिलं. सापडलेल्या बाटलीत काही उरलेलं असलं तर ती उघडायची नाही, वास घ्यायचा नाही, हा नियम त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दारावर मोत्यासारख्या अक्षरात चिकटवला आहे.

"आमच्या लहानपणची औषधाची बाटली कशी साधी होती," आक्का हळव्या झाल्या. "दवाखान्यात आपलीच न्यायची, घासून. कंपाउंडर लाल पाणी भरायचा, आणि बाजूला ती कागदाची पट्टी..."

"डोसाची! दात्रे कापलेली!"

"हां! एक दात म्हणजे एक डोस. शेवटच्या दाताशी आले की मी पाणी घालायची. कडू कमी लागायचं."

तशी एक बाटली त्या रांगेत आहे, पट्टी अर्थात कधीच गळून गेलेली. पण आक्कांचा जीव खरा अडकलाय तो कंदिलाच्या काचेच्या एका तुकड्यात. तो टाकू देत नाहीत, जिभाऊंनाही हात लावू देत नाहीत. सासूबाई रोज संध्याकाळी राखेनं काच पुसायच्या आणि सुनेला शिवू द्यायच्या नाहीत. फुटली तर दुसरी कुठून आणायची? स्वदेशीच्या दिवसांत अंताजी दामोदर काळ्यांनी घरोघर पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी पाठबळ दिलं आणि 1908 मध्ये त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्यानंतर कराडजवळ ओगल्यांनी काच कारखाना काढला, त्यांचा प्रभाकर कंदील खेड्यापाड्यांत पोचला आणि ओगलेवाडी हे गावाचं नाव झालं. त्या तुकड्याला नाव नाही, तो कुठला ते कळायला मार्ग नाही. पण आक्का तो प्रभाकरचाच मानतात, आणि जिभाऊ या एका बाबतीत पुरावा मागत नाहीत.

"बाटल्यांचं एक वेळ चालेल," पातेल्यातलं पीठ खरवडत आक्का म्हणाल्या, "पण दगड? दगडांना काय तोटा आहे का खानदेशात? जळगावला लेकीकडे गेलो, तर लोक येताना केळी आणतात, मेहरूणची बोरं आणतात. यांनी दोन किलो दगड आणले. एसटीत मांडीवर घेऊन!"

ते दगड मी पाहिलेत, आणि खरं सांगायचं तर मांडीवर घेण्यासारखेच आहेत. बाहेरून काळा फत्तर, आत फोडलेल्या पोकळीत पिचच्या रंगाचे पंखे उमललेले. ते स्टिल्बाइट. दुसऱ्यात काचेसारखे चौकोनी, किंचित हिरवट खडे. तो अपोफिलाइट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर पसरले. थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकून पोकळ्या राहिल्या. मग त्यांत पाणी झिरपत राहिलं आणि त्यानं खडकातले क्षार आणून स्फटिक घडवले. जळगाव-सावद्याकडच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आणि हौशी लोकांच्या कपाटांत आहेत. इथं मात्र सुरुंग उडाला की त्यातले बहुतेक खडीच्या यंत्रात जातात आणि आपण त्यांच्यावरून मोटरसायकल चालवतो. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी नावाचं आख्खं संग्रहालय या दगडांचं आहे. माझ्या मते ते जळगावला हवं होतं. पण हे मी जळगावकरांसमोरच बोलते; धुळ्यात बोलले तर धुळ्याला का नको, असं विचारतील.

"आणि त्यातला एक दगड पाणी पिऊन बसतो म्हणे," आक्कांनी आवाज खाली आणला, जणू दगडाचं लफडं सांगतायत.

स्टिल्बाइटच्या जातीचे दगड, झिओलाइट म्हणतात त्यांना, त्यांच्या अंगात पाणी असतं. 1756 मध्ये क्रॉनस्टेड या स्वीडिश माणसानं असा दगड तापवला तर तो फसफसून उकळल्यासारखा झाला. आता कारखान्यात बनवलेले झिओलाइट कपडे धुण्याच्या पावडरीत घालतात, पाण्याचा जडपणा काढायला.

"बघ! आपल्या शिंदखेड्याच्या विहिरी आटतात, आणि दगड मात्र पाणी धरून बसतो."

उगाच कोणी उठून खाणीत शिरू नये, एवढं इथं सांगायला हवं. कडे ठिसूळ असतात, सुरुंगाची वेळ आपल्याला ठाऊक नसते, आणि खाण कोणाची तरी मालकीची असते. जिभाऊ फाटकाशी उभे राहतात, मुकादमाला विचारतात, आणि तो फेकून द्यायच्या ढिगातून जे देईल ते घेतात. बाकी दगड बघायला खाणच लागते असंही नाही. साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडे गेलेली काळ्या दगडाची एक भिंत आहे. जमिनीला भेग पडली, तीत लाव्हा घुसून गोठला. आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि ती भिंत उभी राहिली. भूशास्त्रवाले तिची लांबी 79 किलोमीटर सांगतात. एसटीच्या खिडकीतून दिसते, फुकट. अशा भिंती धुळे-नंदुरबारकडे ढिगानं आहेत, आणि त्यांच्याकडे बघत बघत आपण म्हणतो की खानदेशात पाहण्यासारखं काही नाही.

इतक्यात जिभाऊच मागच्या दारानं आले. गोणी रिकामी. आक्कांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

"काय जिभाऊ, हंडा कुठं ठेवलात?" मी विचारलं.

"कळवलाय," ते शांतपणे म्हणाले.

"कोणाला?" आक्कांचा हात पहिल्यांदा थांबला.

"कलेक्टरला. 1878 चा कायदा आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये. अजून आकडा तोच आहे." पायरीवर बसून त्यांनी चपलांतली वाळू झटकली. "तेव्हा गल्लीला सांगा, हंडा सापडला तर पहिला अर्ज मीच लिहिणार आहे. सवय आहे."

कायद्याच्या बाबतीत ते कोणाला सोडत नाहीत. किल्ला, लेणं, संरक्षित पांढरीचं टेकाड, तिथं काठी टोचायचीही नाही आणि काही उचलायचंही नाही. शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू ही पुरावस्तू, ती देशाबाहेर पाठवायला बंदी. साळिंदराचा काटा दिसला तरी तिथंच ठेवतात, वन्यजीवांचा 1972 चा कायदा आहे म्हणून. मोराचं आपोआप गळलेलं पीस चालतं, उपटलेलं नाही. हे सगळं ऐकून वाटतं की माणसानं बाहेर पडूच नये. पण हाच माणूस रोज बाहेर पडतो.

"गुप्तधन म्हणता ना," ते पुढं म्हणाले, "तर खरं गुप्तधन दायमाबादला निघालं. प्रवरेकाठी. 1974 मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल हे झाडाचं मूळ खणत होते, आणि खाली लागल्या चार ब्राँझच्या वस्तू. बैलजोडीचा रथ, त्यावर उभा माणूस; हत्ती, गेंडा, म्हैस. साठ किलोच्या वर वजन. नंतर पुरातत्त्व खात्याच्या साळींनी तिथं काही हंगाम उत्खनन केलं."

"साठ किलो!" आक्का.

"पण त्या निघाल्या तेव्हा शेजारी काय होतं, कुठल्या थरात होत्या, ते बघायला कोणी जाणकार नव्हता. म्हणून त्या नक्की कुठल्या काळातल्या, यावर विद्वान आजही भांडतात. साठ किलोचा पुरावा आणि पत्ता नाही. आता याच साळींचं दुसरं काम बघा. चाळीसगावजवळ पाटणं. तिथं त्यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. मणी केलेले. एका तुकड्यावर आडव्या-उभ्या रेघांची नक्षी. वजन? फुंकर मारली तर उडेल. पण कुठल्या थरात, किती खोल, सोबत कुठली दगडी हत्यारं, सगळं नोंदलेलं. म्हणून सांगता आलं की हे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचं."

"आपल्या चाळीसगावला शहामृग?" मी अन् आक्का एकदमच बोललो.

"होते. पुढं हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी आपल्या देशातल्या अशा कवचांतून डीएनए काढून शहामृगच ते, असं दाखवलं."

आक्का काही वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या अंड्याची भुर्जी किती झाली असती?"

जिभाऊंची वही याच जागी बघायला हवी. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठ असलेली, कचेरीतली वाटावी अशी. तीत प्रत्येक बाटलीचा पंचनामा आहे. अनुक्रमांक, मौजे, तालुका, मिती, हवामान. आणि पुढं चतुःसीमा! 'पूर्वेस नाला, पश्चिमेस बाभूळ, दक्षिणेस पडकी विहीर, उत्तरेस बांध. जमिनीपासून एक वीत खाली. सोबत: कौलाचे तुकडे, एक बैलाचा नाल, कोळसा.' पहिल्यांदा वाचून मी हसले होते. पण भारी किमतीच्या बाटल्या काचेच्या कपाटात मांडणारे हौशी लोक मी पाहिलेत. त्यांना विचारलं, ही कुठली, तर उत्तर येतं, मुंबईच्या चोरबाजारातली. संपलं. त्या बाटलीला आता कोणी काही विचारू शकत नाही. तिच्यापेक्षा जिभाऊंचं फुटकं बूड जास्त बोलतं, कारण शेजारच्या बैलाच्या नालासकट ते गाडीवाटेवरचं आहे हे कळतं. बाटलीवर वहीतल्या क्रमांकाची चिठ्ठी नसेल तर आक्का म्हणतात तेच बरोबर, ते भंगारच.

आणि हे या गावात तरी नवं नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून, रद्दीतून दप्तरं गोळा करायचे. 1898 पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड काढले. शेवटी ते धुळ्याला आले आणि 31 डिसेंबर 1926 ला इथंच गेले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांच्याही शेजारणी म्हणत असतील, ब्राह्मण रद्दी गोळा करत फिरतो.

"त्या चिठ्ठ्यांवरून आमचं काय झालं, ते सांगितलं का तुला?" आक्का म्हणाल्या, आणि जिभाऊ लगेच पाणी प्यायला आत गेले. "दिवाळीला मी सगळ्या बाटल्या घासल्या. चिंच लावून! लखलख केल्या. रंगाप्रमाणे मांडल्या. तर कागदाच्या चिठ्ठ्या निघाल्या ना धुण्यात. आठ दिवस अबोला. मी म्हटलं, बोला नाहीतर मी माहेरी जाते. तर म्हणे, जा, पण आधी आठवून सांग कुठली चिठ्ठी कुठल्या बाटलीची."

"मग?"

"मग नातीची नखपॉलिश आणली. बुडाला पॉलिशचा ठिपका, त्यावर काळ्या शाईनं नंबर, वर पुन्हा पॉलिश. आता घास किती घासायचं ते."

संग्रहालयांत साधारण हीच रीत असते, फक्त नखपॉलिशऐवजी तिथं खास लाख वापरतात. नातीनं आणलेल्या बाटलीत चमकी होती, त्यामुळे धुळे जिल्ह्यातल्या या संग्रहाचे काही क्रमांक गुलाबी चमचमतात.

"पण आक्का, तुम्हीही काही कमी नाही," मी म्हटलं. "त्या हिरव्या ट्रंकेत काय आहे?"

"काही नाही."

"सापाची कात मी पाहिलीय."

"ती बरकतीला असते!" त्या फणकारल्या. पण मग हात धुऊन, पदराला पुसून, स्वतःच आत गेल्या आणि पितळी डबी घेऊन आल्या. झाकण उघडून भिंतीवर ठेवली. लाल, काळ्या डोळ्यांच्या गुंजा. "माझ्या आजीच्या. आजोबा सोनारकाम करायचे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. डागिना घेताना आजी स्वतःच्या गुंजा न्यायची, दुसऱ्या सोनाराच्या मापावर विश्वास नाही. हात लाव, पण तोंडाजवळ नेऊ नको, चावली तर जहर आहे."

खाली सागरगोटे होते, कवडी होती, आणि एक छोटा लाल गोलसर दगड, अकीक. तापीच्या वाळूत सापडलेला.

"हा कुठला?"

"प्रकाशाला. सासरेबुवांच्या अस्थी सोडायला गेलो तेव्हा. घाटाच्या खालच्या अंगाला, गोमाईचं पाणी तापीला मिळतं तिथं. पाऊस होऊन गेलेला. माझ्या पायाला टोचला."

आतून जिभाऊंचा आवाज आला. "कोणत्या साली?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"वहीत घेतो."

"माझा दगड तुमच्या वहीत जाणार नाही," आक्कांनी डबी बंद केली. पण मी पाहिलं, त्यांनी साल मनात मोजलं. ओठ हलत होते.

"तो चाळीसगावचा केकी मूस बघ," विषय बदलत त्या म्हणाल्या. "असा नवरा पाहिजे. घराबाहेरच पडायचा नाही म्हणे."

विलायतेत फोटोग्राफी शिकून आलेला हा कलावंत स्टेशनजवळच्या आपल्या घरात वर्षानुवर्षं कोंडून राहिला आणि 1989 मध्ये तिथंच गेला. पंजाब मेलनं कोणी यायचं होतं, ते आलं नाही, अशी गोष्ट खानदेशभर सांगतात. पण त्याचं घरही जुन्या वस्तूंनी, खेळण्यांनी, भांड्यांनी भरलेलंच होतं, हे मी आक्कांना सांगितलं.

"म्हणजे बाहेर न पडताही पसारा होतोच?"

"होतो."

"मग बाहेर गेलेलाच बरा. निदान दुपारपर्यंत घर माझं असतं."

जिभाऊ परत बाहेर आले ते नकाशा घेऊन. रविवारी पाटण्याला जायचं ठरतंय. काही उचलायचं नाही, नुसतं पाहायचं. पितळखोऱ्याची लेणी, भास्कराचार्यांच्या कुळाची आठवण सांगणारा 1865 मध्ये भाऊ दाजींच्या नजरेला आलेला शिलालेख, आणि जमलं तर जिथं शहामृगाची कवचं निघाली ती बाजू. मलाही विचारलं. जाणार आहे.

आक्का आत गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर नारळ. पिशवी भिंतीवरून माझ्या हातात दिली, जिभाऊंच्या नाही.

"पाटणादेवीची ओटी भर माझ्या नावानं. नारळ तिथंच फोडा, प्रसाद आणा." मग जिभाऊंकडे वळून म्हणाल्या, "आणि करवंटी घरी आणायची नाही!"